फोनवर आवडणारा नवरा

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी त्सुकुबाला परत निघताना, बुटांच्या नाड्या बांधता बांधता मोरेश्वर म्हणाला, "कंपनीचं मोठं घर मिळतंय. तीन खोल्यांचं. तुम्ही दोघी तिकडेच या ना."

वर न बघताच म्हणाला. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की मोरेश्वरला हाताला काम लागायचं. कधी नाड्या, कधी चार्जरची वायर, कधी नखं.

उत्तरा त्याचा डबा हातात घेऊन दाराशी उभी होती. हे वाक्य ऐकण्यासाठी एके काळी तिनं काय वाट्टेल ते केलं असतं. आज ते कानावर पडलं आणि ती डब्याचं झाकण उगाच पुन्हा दाबू लागली.

"बघू," ती म्हणाली.

"महिनाअखेरपर्यंत सांगायचंय त्यांना."

"बघू म्हटलं ना."

तो गेला. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. मग तिच्या लक्षात आलं, डबा आपल्याच हातात राहिलाय. धावत गेली असती तर फुनाबोरी स्टेशनच्या अलीकडे तो सापडला असता. ती गेली नाही. तिनं डबा उघडला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच त्यातली भाजी खाल्ली. आपल्याला सुटल्यासारखं का वाटतंय, हे तिला कळेना.

ती लग्न करून इथे जपानात आली तेव्हा मोरेश्वर एदोगावातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. चिंचवडच्या मोरेश्वर पटवर्धनचं नाव ऑफिसात कुणाच्या तोंडात बसेना म्हणून त्याचा 'मोरे-सान' झाला होता, आणि तोही त्यात खूश होता. माणूस वाईट नव्हता. तापात तिच्या उशाशी बसायचा, महानगरपालिकेची पत्रं वाचून दाखवायचा, कचऱ्याच्या पिशव्या न सांगता खाली नेऊन ठेवायचा. फक्त बोलायचा नाही. घरी आला की जेवायचा आणि कानाला हेडफोन लावायचा. ठाण्याच्या भरल्या घरातून आलेली उत्तरा दिवसभर त्याच्याशी बोलायचं साठवून ठेवायची. ते सगळं त्या हेडफोनपाशी येऊन थांबायचं. मग ती विचारायची, "काय झालं? रागावलास का?" तो म्हणायचा, "नाही." ती पुन्हा विचारायची. असं चार वेळा विचारलं की तो खरोखरच रागवायचा, आणि "दूध संपलंय वाटतं," म्हणून खालच्या कोनबिनीत, रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात, निघून जायचा.

दूध संपलेलं नसायचं. तासाभरानं तो दुधाचा खोका घेऊन परत यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा आणि झोपायचा. त्या वर्षांत घरात इतकं दूध साठायचं की उत्तरा पनीर करायला शिकली, बासुंदीत तरबेज झाली. शेजारच्या इमारतीतली दिपाली, पुण्याची, तोंडानं फटकळ, वाटी हातात घेत विचारायची, "आज परत बासुंदी? का गं, काल काय झालं?"

एकदा तर हद्द झाली. नुपूर तेव्हा कडेवर होती. संध्याकाळपासून मोरेश्वरचा फोन लागत नव्हता, मेसेजला उत्तर नव्हतं. भूकंपाचा एक बारीकसा धक्का बसून गेला होता. खुंटीवरचे टॉवेल हलले, एवढाच. पण उत्तराचा जीव खालीवर होऊ लागला. ती पोरीला घेऊन कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत गेली आणि मोडक्या जपानीत तिनं सांगितलं, माझा नवरा नाही. पोलिसानं अदबीनं खुर्ची दिली, बाळाला कागदाचा बेडूक करून दिला आणि ऑफिसात फोन लावला. मोरेश्वर मीटिंगमध्ये होता. मीटिंगच्या खोलीत त्याचे साहेब स्वतः गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मोरे-सान, पोलिसांचा फोन आहे.

तो घरी आला तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. नंतर कित्येक महिने ऑफिसातले लोक त्याला हळू आवाजात विचारायचे, बायकोची तब्येत कशी आहे?

तीन वर्षांपूर्वी त्याला त्सुकुबातल्या एका कंपनीच्या चाचणी केंद्रात नोकरी लागली. रात्रीबेरात्री चालणारं काम. सुरुवातीला त्यानं रोज जा-ये करून पाहिलं, मग तिथेच एक खोली घेतली. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार घरी. जपानात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उत्तराला मात्र पहिले काही महिने घर खायला उठलं. मग तिनं जवळच्या एका पाळणाघरात मदतनिसाची अर्धवेळ नोकरी धरली, आणि तिचं तिलाच कळलं नाही अशी एक गोष्ट घडली.

मोरेश्वर फोनवर बोलायला लागला.

रोज संध्याकाळी, जेवणं झाली की त्याचा फोन यायचा. खोलीसमोरच्या झाडावर कावळ्यांनी हँगरचं घरटं बांधलंय. कॅन्टीनच्या बाई त्याला न विचारता जास्तीचा भात वाढतात. आज साहेबांसमोर त्याची चाचणी फसली आणि हसू आवरेना. लहानपणी तो एकदा घर सोडून आकुर्डीपर्यंत चालत गेला होता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ही शेवटची गोष्ट त्यानं लग्नाला आठ वर्षं झाल्यावर सांगितली, तीही फोनवर. उत्तरा आडवी पडून ऐकायची. तिला हा माणूस आवडायला लागला होता. या काळात कुणी विचारलं असतं, सुखी आहेस का गं, तर तिनं मनाला न विचारताही हो म्हटलं असतं.

आणि आता हा म्हणतोय, तिकडेच या.

दुसऱ्या दिवशी तिनं दिपालीला सांगितलं. दोघी सायकली हातात धरून शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघत होत्या.

"नुपूरची शाळा आहे ना," उत्तरा म्हणाली. "आत्ताच पाचवी सुरू झाली. मैत्रिणी सोडून यायला तयार नाही ती. मी विषय काढला तर याऽऽदा, नाही जायचं, म्हणून पाय आपटत गेली."

"नुपूरला मध्ये घालू नकोस. तिला दोन महिन्यांत चार नव्या मैत्रिणी मिळतील. तुझं बोल."

"माझं काय?"

"मला काय विचारतेस? तूच ना ती, नवऱ्यासाठी पोलीस आणलेस!" दिपाली हसली, मग थांबली. "का गं? तिकडे काही आहे का त्याचं? म्हणजे कुणी?"

"असतं तर बोलावलं असतं का मला?"

"मग इकडे तुझं कुणी आहे?"

"आहे ना. सोळा जण आहेत. सगळे लंगोटात."

दिपाली हसता हसता सायकलसकट कलंडली. पण घरी जाताना म्हणाली, "उत्तरा, खरं सांग. तुला नवरा नकोय का?"

"हवाय," उत्तरा म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला सुचेना. हवाय, पण तिथे. हवाय, पण फोनवर. असं कुणी म्हणतं का?

एप्रिल हा पाळणाघरातला रडारडीचा महिना. नवी मुलं येतात. त्यांना एकदम दिवसभर ठेवून घेत नाहीत, सवय लावतात. पहिल्या दिवशी तासभर, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत, असं वाढवत नेतात. रडणाऱ्याला कडेवर घेऊन खिडकीशी फिरवणं हे उत्तराचं काम. आईच्या अंगाला चिकटलेलं मूल सोडवून घेताना ती मनात म्हणायची, रड बाबा, मी ओळखते तुला. मागच्या वर्षी एका प्रशिक्षणात आलेल्या बाईंनी फळ्यावर चित्रं काढून समजावलं होतं: काही मुलं आई गेली की आकांत करतात आणि आली तरी शांत होत नाहीत, काही वळूनही बघत नाहीत, आणि ही मुलं मोठी होऊन लग्न करतात तेव्हाही बरीचशी तशीच वागतात. सगळ्या बायका हसल्या होत्या. उत्तरानं तिथल्या तिथे वाटणी करून टाकली होती. पहिली मी, दुसरा मोरेश्वर. इतकं सोपं वाटलं होतं.

यंदा आलेल्या मुलांत दीड वर्षाचा श्रीहरी होता, निशी-कासाईत राहणाऱ्या राधिकाचा मुलगा. तो पहिल्या दिवसापासून रडलाच नाही. आईनं टाटा केला तरी ठोकळे रचत बसला. राधिका दारातच रडवेली झाली. "ताई, त्याला मी नकोच आहे का हो?" तिनं उत्तराला विचारलं. उत्तरानं तिला धीर दिला, तो रमतोय, चांगलंच आहे ना.

मुख्य बाई ओकुबो-सेन्सेई मात्र मान हलवत म्हणाल्या, "जाताना काय करतो ते नका बघू, उत्तरा-सान. आई परत आल्यावर काय करतो ते बघा."

दुपारी राधिका आली. तिचा आवाज ऐकून श्रीहरीचा हात ठोकळ्यावर थांबला. वळला नाही तो. उलट पाठ अजून वळवली आणि तोच ठोकळा उचलून ठेव, उचलून ठेव, असं करत राहिला. राधिकानं जवळ घेतलं तेव्हा अंग ताठ करून दुसरीकडे बघत होता. ओकुबो-सेन्सेई एवढंच म्हणाल्या, "अजून थोडे दिवस, तासभरच ठेवू या."

त्या शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. नुपूर "पापा!" करत धावली. उत्तरा ओट्यापाशी होती. तिनं गॅस बारीक केला. मग मोठा केला. मग परत बारीक केला. मागे मोरेश्वर बूट काढत होता, पिशव्या ठेवत होता, नुपूरशी जपानीत काहीतरी बोलत होता, आणि उत्तरा आमटीकडे बघत उभी होती.

"आलो गं," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली. वळली नाही.

आणि मग एकदम तिला स्वतःची पाठ दिसली. किती दिवस आपण दाराशी जात नाही? पूर्वी तर लिफ्टचा आवाज आला की दार उघडून उभी राहायचो. ती गांगरली. तिनं केलेली वाटणी पुसून गेली होती. आईला चिकटणारी ती, की ठोकळ्यात डोकं घालणारी? आणि हा मागे उभा असलेला माणूस, जो घर मागतोय, हा कोण मग?

जेवताना तिनं विषय काढला. "ते घराचं. तुला अचानक का वाटलं असं?"

मोरेश्वरनं पोळीचा तुकडा मोडला. अजून मोडला. "सोयीचं आहे. भाडंही वाचेल."

"तेवढ्यासाठी?"

"म्हणजे, बरं आहे तिकडे. मोकळं आहे."

"मोरेश्वर, नीट सांग ना."

त्याचा चेहरा बंद झाला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. आता हा उठेल, तिला वाटलं. तो उठलाच. ताट बेसिनमध्ये ठेवलं, ओट्याला टेकून क्षणभर थांबला आणि अवघडून म्हणाला, "फोनवर सांगू का?"

"काय?"

"मी आतल्या खोलीत जातो. तिथून फोन करतो. हसू नकोस."

ती हसली नाही. तो आत गेला, दार लोटलं. उत्तराचा फोन टेबलावर थरथरायला लागला. नुपूरनं मान वर करून आधी त्या दाराकडे, मग आईकडे बघितलं, "नानी शितेरु नो?" म्हणजे काय चाललंय तुमचं, असं विचारलं, आणि काही ऐकायला न थांबता आपलं ताट उचलून टीव्हीसमोर गेली.

"हॅलो," उत्तरा म्हणाली.

"हॅलो." भिंतीपलीकडून आणि फोनमधून, दोन्हीकडून आवाज आला. "ऐक. मला तिथे एकटं राहवत नाहीये."

टीव्हीचा आवाज येऊ नये म्हणून तिनं दुसरा कान झाकला.

"पहिली दोन वर्षं मजेत गेली. खोटं कशाला बोलू? कुणी काही विचारत नाही, याचंच सुख. आता फोन ठेवला ना, की खोली शांत होते एकदम. मग मी खाली गाडीत जाऊन बसतो. गाडी चालू करत नाही, नुसता बसतो. पूर्वी तू विचारायचीस ना, काय झालं, काय झालं. तेव्हा मला वाटायचं, ही माझ्या अंगावर येतेय. आता वाटतं, कुणीतरी विचारावं."

किती वर्षं ती हे ऐकायला थांबली होती. आणि आता तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की आता का? मला सवय झाल्यावर का?

"आहेस ना?" त्यानं विचारलं.

"आहे." तिनं आवाज लहान केला. "मला राग येतोय थोडा. आणि मला भीती वाटते, मोरू. तू तिथून बोलतोस, कारण तुला फोन ठेवता येतो. एका घरात आलो की तू परत गप्प होशील. आणि मग मी परत तशी होईन. चौकीत जाणारी. मला ती बाई आवडत नाही. मी आत्ता जी आहे ना, ती मला आवडते. तू नसताना मला बरं वाटतं. आणि शुक्रवारी तू आलास की... मला कळत नाही मला काय वाटतं."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन ठेवतो की काय, तिला वाटलं.

"मग घर नको म्हणून कळवू?" तो म्हणाला.

"नको. घे घर."

"म्हणजे येणार तुम्ही?"

"माहीत नाही."

"अगं, मग तीन खोल्यांत मी एकटा काय करू?"

"झाडू मार."

तो हसला. भिंतीपलीकडून आधी ऐकू आलं, फोनमधून जरा नंतर.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिघं घर बघायला गेले. त्सुकुबाचे रस्ते रुंद होते, माणसं कमी. कंपनीच्या वसाहतीची व्यवस्था बघणारे गृहस्थ, चष्मा गळ्यात अडकवलेले, पायऱ्या चढत पुढे चालले होते. नुपूर खालीच झोपाळ्यावर राहिली. घर रिकामं होतं, उजेड भरपूर होता. उत्तरा स्वयंपाकघरात गेली, कपाटं उघडून बघू लागली. डाळींचे डबे इथे बसतील, पिठाचा नाही बसणार. आपण मापं का घेतोय, तिला प्रश्न पडला, आणि तरी ती घेत राहिली.

बाहेरच्या खोलीत गृहस्थ मोरेश्वरला विचारत होते, "मोरे-सान, राहणार किती जण? चाव्या तेवढ्या काढून ठेवतो."

मोरेश्वर थांबला. मग जपानीत म्हणाला, "सध्या तरी, मी एकटाच."

उत्तराचा हात कपाटाच्या दारावर तसाच राहिला. कुणी तोंडात मारावी तसं तिला झालं. तो चुकीचं काही बोलला नव्हता. तिनं जे सांगितलं होतं तेच त्यानं धरलं होतं. तिच्यावर दडपण नको म्हणूनच म्हणाला होता, हेही तिला कळत होतं. तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला यायचंय का, तिनं स्वतःला विचारलं. तसं म्हणावं तर फुनाबोरीचं आपलं घर आठवून आतून नको नको होत होतं. यायचं नाही का? मग हे पाणी कसलं?

गृहस्थ मोजमापाची पट्टी आणायला बाहेर गेले. मोरेश्वर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तिचा चेहरा बघून त्याचे खांदे आकसले. जुना मोरेश्वर आता बाहेरचं दार शोधेल, हे तिनं ओळखलं आणि तोंड फिरवून घ्यायचं ठरवलं. पण ती बोलूनच गेली.

"तू एकटा म्हणालास ते बरोबर म्हणालास."

"हो."

"पण मला वाईट वाटलं."

"मग तिघं म्हणायला हवं होतं?"

"नाही! तेही नको होतं. तसं म्हणाला असतास तर मी भांडलेच असते."

"मग काय म्हणायला हवं होतं मी?" त्याचा आवाज चढला नाही. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. दोन्ही हात रिकामे, नाड्या नाहीत, वायर नाही, तो तिच्याकडेच बघत होता.

"मला माहीत नाही," उत्तरा म्हणाली. "खरंच माहीत नाही रे."

"मलाही नाही."

जिन्यावर पावलं वाजली. गृहस्थांनी दारात येऊन हलकेच खाकरलं. मोरेश्वर वळला आणि बाहेरच्या दारापर्यंत गेला. तिनं डोळे मिटून घेतले. मग तिला त्याचा आवाज आला, कमरेत वाकून बोलतानाचा, ऑफिसातला: "माफ करा, आम्हाला अजून दहा मिनिटं द्याल का?"

दार लागलं. तो आत होता.